तीन ए-फोर कागदांएवढी जागा: गिनीपिगच्या एका जोडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आई, वडील आणि दहा वर्षांची मुलगी असं हे घर. गिनीपिग पाळायची हौस मुलीची, वाचन मात्र आईने केलं होतं. गिनीपिग कळपात राहणारा प्राणी आहे आणि त्याला एकटं ठेवू नये, हे तिला नीट ठाऊक होतं. (स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून हे कायद्यातच आहे, तिथे गिनीपिग एकटा पाळता येत नाही.) म्हणून त्यांनी सात आठवड्यांची दोन पिल्लं एकदमच आणली. एकाच वेतातले सख्खे भाऊ. इथे एकाला तपकिरी आणि दुसऱ्याला ठिपक्या म्हणू.

पिल्लं घरी येण्याच्या आदल्या दिवशी पिंजरा आला. खोक्यावर दोन गिनीपिगांचं चित्र होतं आणि खाली ‘८० × ५०’ असा आकडा. पिल्लं आत सोडली तेव्हा पिंजरा ऐसपैस वाटला. वाटणारच, कारण त्या वयात दोघं मिळून एका बाजूच्या कोपऱ्यात मावत होते.

पुढचे तीन महिने काहीही बिघडलं नाही. हे मुद्दाम नोंदवते आहे, कारण नंतर सगळ्यांना याच तीन महिन्यांचं कोडं पडलं होतं. पिंजरा तोच, जनावरं तीच, गवतही तेच. मग आताच काय झालं?

अडचण

गिनीपिग पाळणाऱ्या घरांना मी सल्ला देते. पिल्लं पाच महिन्यांची झाली तेव्हा या मुलीच्या आईचा मला फोन आला. “दोघांचं अजिबात पटत नाही हो. तपकिरी फार दांडगा निघाला. त्याला कुणाला तरी देऊन टाकावं, असं हे म्हणतायत.”

तक्रारी अशा होत्या. तपकिरी अंग डोलवत, घुमल्यासारखा आवाज काढत ठिपक्याभोवती फिरतो. मध्येच त्याच्यावर चढतो. रात्री दात कटकट वाजतात आणि पिंजरा हादरतो. ठिपक्या दिवसभर लपायच्या घरातून बाहेर पडत नाही. त्याच्या कानाच्या कडेला एक लहानशी खपली आहे.

यातल्या निम्म्या गोष्टी ऐकून मी घाबरले नाही. नर गिनीपिग साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून वयात आल्याची लक्षणं दाखवू लागतात, आणि वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत अधूनमधून हा धिंगाणा चालतो. घुमणं, चढणं, हुसकावणं यातून मोठा कोण ते ठरत असतं. दात वाजवणं म्हणजे ताकीद, चावा अजून पुढे असतो.

पण ठिपक्याचं वजन ऐकल्यावर मी कागद-पेन घेतलं. दोन आठवड्यांपूर्वी ७४० ग्रॅम होतं आणि आता ६७०. वाढत्या वयात सत्तर ग्रॅम घटणं हलक्यात घेण्यासारखं नसतं. गिनीपिग आजार शेवटपर्यंत लपवतो. आठवड्याचं वजन हीच त्याची खरी तक्रारवही. सुदैवाने मुलीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवली होती.

मी तीन गोष्टी मागितल्या. ठिपक्याला आधी डॉक्टरांकडे न्या. संध्याकाळी, उजेड कमी होताना, वीस मिनिटांचा सलग व्हिडिओ काढा. आणि टेप घेऊन पिंजऱ्याचा तळ आतून मोजा.

तिसरी मागणी ऐकून वडील हसले. आकडा खोक्यावरच आहे की, म्हणाले.

मोजमाप

खोक्यावरचं ८० × ५० हे वरच्या कडेचं माप निघालं. प्लास्टिकचा ट्रे खाली निमुळता होत गेला होता. आत तळाशी ७१ × ४१ सेंमी भरलं, म्हणजे २,९११ चौरस सेंमी. खोक्यावरच्या आकड्यांचा गुणाकार ४,००० होतो. जवळजवळ २७ टक्के जागा खोका आणि तळ यांच्यामध्येच हरवली होती.

यातून सामानाची जागा वजा केली. लपायचं घर २८ × २०, गवताची टोपली २० × १४, आणि एक वाडगा. हे तिन्ही मिळून हजाराच्या आसपास. दोघांना पाय टाकायला उरले साधारण १,९०० चौ. सेंमी. तीन ए-फोर कागद शेजारी शेजारी मांडले की एवढीच जागा होते. वडिलांनी खरोखर तीन कागद जमिनीवर मांडून पाहिले आणि मग काही वेळ गप्प राहिले.

याला तुलना हवी. प्रयोगशाळेतल्या गिनीपिगांसाठी अमेरिकेच्या नियमांत ३५० ग्रॅमहून जड प्राण्यामागे किमान सुमारे ६५२ चौ. सेंमी जागा सांगितली आहे, एका ए-फोर कागदापेक्षा किंचित जास्त. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात ७०० ग्रॅमच्या वरच्या प्राण्याला ९०० चौ. सेंमी, आणि मुळात पिंजराच २,५०० चौ. सेंमीहून लहान नको. हे प्रयोगशाळेचे किमान आकडे आहेत. पाळीव जनावराचं सुख किती जागेत, असा प्रश्न त्यात कुणी विचारलेलाच नाही. घरातला हा चित्रवाला पिंजरा युरोपातल्या त्या किमान मापाच्या जेमतेम वर होता.

घरी पाळणाऱ्यांसाठी सांगितली जाणारी मापं याच्या कितीतरी पुढे आहेत. ब्रिटनमध्ये जोडीसाठी १२० × ६० सेंमी हा बराच काळ सांगितला गेलेला किमान आकडा आहे. तो ७,२०० चौ. सेंमी होतो. अमेरिकेत साडेसात चौरस फूट किमान आणि जोडीला साडेदहा बरं, असं मानतात. साडेदहा म्हणजे सुमारे ०.९८ चौ. मी. दोन नर असतील तर अनुभवी माणसं त्याच्याही वर जायला सांगतात. आमच्या २,९११ ची गाठ पडणार होती ती या आकड्यांशी.

व्हिडिओत काय दिसलं

डॉक्टरांनी ठिपक्याचे दात, कातडी, पोट सगळं पाहिलं. आजार काही सापडला नाही, कानावरची जखम वरवरची होती. वडिलांनी नसबंदीचं विचारलं. नसबंदीने नरांमधली वर्चस्वाची ओढाताण सहसा थांबत नाही, ती उपयोगी पडते माद्यांसोबत ठेवायचं असेल तर, असं उत्तर मिळालं. तो रस्ता तिथेच संपला.

व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. पहिल्यांदा मलाही तपकिरी दांडगाच वाटला. दुसऱ्यांदा तपकिरीकडे न पाहता फक्त ठिपक्याकडे पाहिलं आणि चित्र पालटलं. तपकिरी घुमत यायचा, ठिपक्या रीतसर माघार घ्यायचा. वळायचा, पळायचा, आणि तीन पावलांत भिंत यायची. मग तो कोपऱ्यात तोंड घालून बसायचा. तपकिरीच्या दृष्टीने समोरचा अजून जागेवरून हललेलाच नाही, म्हणून तो पुन्हा घुमायचा. वीस मिनिटांत हे नऊ वेळा झालं आणि नऊपैकी सात वेळा त्याच कोपऱ्यात संपलं.

गिनीपिगांच्या भांडणाला एक शिष्टाचार असतो. हरलेल्याने नजरेआड जायचं आणि जिंकलेल्याने सोडून द्यायचं. इथे हरायला तयार असलेल्याला नजरेआड व्हायला जागाच नव्हती. लपायच्या घराला दार एकच, गवताची टोपलीही एकच, आणि ती त्या दाराच्या अगदी तोंडाशी. तपकिरी तिथे बसून खात राहिला की ठिपक्याचं खाणं आपोआप बंद. वजन का उतरतंय ते कळलं.

पहिल्या तीन महिन्यांचं कोडंही इथेच सुटलं. आल्या वेळी दोघं मिळून सहाशे ग्रॅमच्या आसपास होते, आता मिळून दीड किलो. पिंजरा होता तेवढाच राहिला आणि भाऊ मोठे झाले. त्यातच वयात येण्याची वेळ गाठली.

पहिला निर्णय: लगेच वेगळं करायचं का?

घरच्यांचा कल वेगळं करण्याकडे होता, आणि मला त्यात चूक दिसत नव्हती. पोर रात्री पिंजऱ्याचा आवाज ऐकून उठून बसत होती. पण एकदा दोन नर तोडले की पुन्हा जोडणं अवघड जातं. मी माझी रेघ सांगितली: खोल चावा, रक्त, किंवा दोघं एकमेकांत गुंतून चेंडूसारखे लोळले, तर त्याच क्षणी वेगळं करा, आणि तेही उघड्या हाताने नको, मध्ये जाड टॉवेल टाकून. यातलं काही झालं नव्हतं. वजन मात्र घटत होतं, त्यामुळे नुसतं बघत बसायलाही वेळ नव्हता.

इथे माझी एक चूक झाली. लगेच काहीतरी करावं म्हणून त्याच संध्याकाळी मी त्यांना दोन दारांची दोन घरं आत ठेवायला सांगितली. पुस्तकी सल्ला म्हणून उत्तम. पण त्या पिंजऱ्यात दुसरं घर गेल्यावर उरलेले तीन कागद दोनावर आले. ती रात्र आधीच्या सगळ्या रात्रींहून वाईट गेली, आणि सकाळी मी फोनवर माफी मागितली. सामान वाढवायचा सल्ला जागा वाढल्यानंतरचा आहे, हे मी व्हिडिओ पाहूनही विसरले होते.

मग जमिनीवरची चाचणी ठरली. खोलीच्या मधोमध साधारण दीड बाय दोन मीटरचं कुंपण, खाली जुन्या चादरी, दोन टोकांना गवताचे दोन ढीग, दोन पाण्याच्या बाटल्या, आणि दोन्ही बाजूंनी कापलेली पुठ्ठ्याची दोन खोकी. दोघांना एकदम आत सोडायचं आणि हात न लावता बघायचं. दोन संध्याकाळी आणि एक पूर्ण दिवस.

पहिली वीस मिनिटं तपकिरी पुष्कळ घुमला. ठिपक्या पळाला, खोक्यातून आरपार गेला, पलीकडच्या ढिगाशी थांबला आणि खायला लागला. तपकिरी थोडं मागे गेला, मग त्यालाही गवत दिसलं. दुसऱ्या संध्याकाळी ठिपक्याने एकदम जागेवरून उडी मारली, हवेत अंग झटकलं, परत उडी. भट्टीतल्या लाहीसारखी ही उडी आनंदाची असते. घरच्यांनी ती जवळजवळ तीन महिन्यांत पाहिली नव्हती, आणि ती थांबली आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

या चाचणीत एक खोट आहे. जागा नवी असली की ती कुणाचीच नसते, आणि नव्या जागेत दोघंही जरा बिचकून असतात. त्यामुळे दोन दिवसांची शांतता ही जागेची की नवलाईची, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण उलटं उत्तर स्वच्छ मिळालं असतं. तीन चौरस मीटरांतही तपकिरीने पाठ सोडली नसती, तर स्वभावाचा मुद्दा मी मान्य केला असता.

पर्याय

घरात पाच कल्पना निघाल्या.

आहे त्याच पिंजऱ्यावर दुसरा मजला चढवणं ही वडिलांची आवडती कल्पना होती, कारण त्यात खोलीची जागा जात नव्हती. गिनीपिग उंचीचा प्राणी नाही. आखूड पाय, जड अंग, आणि चढण्यात बेताचाच. उभ्या उतरणीवर तो घाबरतो, आणि पडला तर इजा होते. शिवाय पळायला सलग सपाट जमीन लागते. वरचा मजला हा जास्तीचा लाभ झाला, मूळ तळाच्या हिशेबात तो धरायचा नाही. इथे मूळ तळच ७१ सेंमीचा.

तसाच दुसरा पिंजरा आणून दोन्ही एका नळीने जोडणं हा दुसरा विचार. बेरीज केली तर ५,८०० चौ. सेंमी होतात. पण वाट एकच, आणि घुमणारा नर अशा वाटेच्या तोंडाशीच ठाण मांडतो.

पिंजरा तोच ठेवून रोज दोन तास बाहेर सोडायचं, हा आईचा प्रस्ताव. सगळ्यात जास्त घरांत हेच चालतं, आणि ऐकायला पटतंही. पण गिनीपिग एका दमात झोपून उठणारा प्राणी नाही. दिवसरात्र छोट्या डुलक्या, मध्ये खाणं-फिरणं, आणि पहाटे-संध्याकाळी चळवळ जास्त. भांडणं पहाटे चारला व्हायची आणि मोकळीक मिळणार संध्याकाळी सहाला. उरलेले बावीस तास त्याच तीन कागदांवर.

तयार मिळणारा १२० × ६० चा पिंजरा हा चौथा. वाईट नव्हता. दोन माद्या असत्या तर मी कदाचित तिथेच थांबा म्हटलं असतं.

पाचवा म्हणजे जाळीचे चौकोन जोडून घरीच बांधणं. एका चौकोनाची बाजू साधारण ३५ सेंमी, खाली नालीदार प्लास्टिकच्या शीटचा काठ वळवून केलेला ट्रे. दोन रुंद आणि चार लांब घेतले तर ७० × १४०, म्हणजे ०.९८ चौ. मी. पाच लांब घेतले तर ७० × १७५, म्हणजे सव्वा चौरस मीटरच्या जरा आत. मुलीने मध्येच विचारलं, तीन बाय तीन केला तर? प्रश्न चांगला होता. १०५ × १०५ म्हणजे १.१० चौ. मी., चार लांबवाल्यापेक्षा जागा जास्त. पण पळायला सरळ धाव मिळते एक मीटर, तिथे १४० मिळतात. आणि चौरसाच्या मध्यापर्यंत साफसफाईला हात पोचवायचा तर रोज गुडघ्यांवर बसायचं. क्षेत्रफळाचा आकडा आकाराबद्दल काही सांगत नाही.

दुसरा निर्णय: चार की पाच?

जाळीचा पिंजरा बांधायचा हे एका बैठकीत ठरलं. चार की पाच यावर आठवडा गेला.

भिंत १९० सेंमीची होती, पण एका टोकाला कपाट होतं आणि त्याचं दार उघडायला चाळीस सेंमी लागायचे. चार चौकोन आरामात बसत होते. पाचासाठी कपाट हलवायला हवं होतं आणि कपाट पुस्तकांनी भरलेलं. माझा आग्रह पाचाचा होता, त्याला कारण होतं. एक ना एक दिवस हे दोघं बिनसणार, निदान काही दिवसांपुरते, असं धरून चालावं. तेव्हा मधोमध जाळी टाकून दोन्हीकडे एकेक ठेवता यायला हवं, म्हणजे भेट तुटत नाही, एकमेकांचा वास-आवाज राहतो. चाराचे दोन भाग केले तर प्रत्येकाला ७० × ७०. पाचाचे केले तर ७० × ८७. फरक हातभरही नाही, पण ७० च्या चौकोनात घर, गवत आणि बाटली मांडली की जुनाच पिंजरा परत आला.

वडील म्हणाले, ते होईल तेव्हा बघू. चारावर शिक्कामोर्तब झालं. मीही फार ताणलं नाही. ०.९८ हा आकडा मला सांगताना कमी वाटत नव्हता, हेही खरं.

कृती

बांधकाम एका सुट्टीच्या दुपारी झालं. भिंती ३५ सेंमी उंच, वर झाकण नाही, कारण घरात मांजर-कुत्रं नव्हतं. जाळीचे चौकोन बारीक छिद्रांचेच घेतले. मोठ्या छिद्रांत लहान गिनीपिगाचं डोकं अडकू शकतं. तळाला जाळी मात्र कुठेही नाही, जाळीवर उभं राहून तळपाय सोलतात, सुजतात आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. खाली शोषून घेणारा थर, वर फ्लीसचं कापड. पिंजरा थंड फरशीवर टेकू नये म्हणून त्याखाली जाड सतरंजी घातली.

सामानाची मांडणी मुलीने कागदावर काढली होती. प्रत्येक गोष्ट दोन-दोन: दोन टोकांना गवत, दोन बाटल्या, दोन दारांची दोन घरं. मधला पट्टा पूर्ण मोकळा. तिने घरं कोपऱ्यात न ठेवता भिंतीपासून वीतभर पुढे काढली होती, म्हणजे मागूनही वाट राहील. हे मी सुचवलं नव्हतं.

दोघांना आधी तासभर जमिनीवरच्या कुंपणात एकत्र ठेवलं आणि तिथून एकदम नव्या पिंजऱ्यात सोडलं, एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर असं नाही. त्यांच्या जुन्या पिंजऱ्यातलं वापरलेलं कापड दोन्ही घरांत घातलं.

निकाल

पहिल्या आठवड्यात ठिपक्या ६७० वरून ६७५ वर आला. पाच ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण घसरण थांबली. तिसऱ्या आठवड्यात ७१५, आठव्यात ८३०. कानाची खपली गेली, नवी आली नाही. रात्रीचा आवाज पूर्ण बंद झाला नाही. तपकिरी अजूनही घुमायचा, दिवसातून दोन-तीनदा, आणि ठिपक्या अजूनही माघार घ्यायचा. फक्त आता माघार घेता येत होती.

न मागितलेला फायदा साफसफाईत दिसला. जुन्या पिंजऱ्यात दोन दिवसांत लघवीचा उग्र वास डोळ्यांना झोंबायचा, आणि तो अमोनिया जमिनीलगत श्वास घेणाऱ्या प्राण्याच्या छातीला वाईट. नव्यात दोघंही बहुतेक वेळा गवताजवळच्या कोपऱ्यांत बसून आटपायचे, त्यामुळे तिथलं कापड रोज बदललं की काम भागायचं. मोठा पिंजरा म्हणजे जास्त काम, ही आईची भीती होती. ती उलटी ठरली.

एक दिवस मात्र सगळं विस्कटलं. पाहुणे येणार म्हणून पिंजरा वासाच्या साबणाने लख्ख धुतला, सगळी कापडं एकदम बदलली, घरंही घासली. दोन तासांत दात वाजायला लागले. त्यांच्या लेखी तो पिंजरा परका झाला होता आणि मोठेपणाचा निवाडा पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून एक वापरलेलं कापड प्रत्येक धुण्यात मागे ठेवलं जातं.

नवव्या महिन्यात मी म्हटलेलं घडलं. या वेळी खरचटलं तपकिरीच्या नाकावर. ठिपक्या आता लहान राहिला नव्हता. मधोमध जाळी टाकली आणि तीन दिवस दोघं ७० × ७० मध्ये राहिले. दोघांनीही जाळी कुरतडली, एकाने बाटली पाडली, कुणी धड खाल्लं नाही. चौथ्या दिवशी वडिलांनी स्वतःहून कपाट रिकामं केलं आणि समोरच्या भिंतीला नेलं. पाचवा चौकोन जोडला, मांडणी पूर्ण बदलली, आणि कुंपणात पुन्हा भेट घालून दोघांना एकत्र आत सोडलं. शांत व्हायला चार दिवस लागले.

परत करायचं तर

पिंजरा घ्यायच्या आधी तळ आतून मोजायला हवा होता, आणि मोजताना मनात सात आठवड्यांचं पिल्लू नको, पंचवीस सेंमी लांब, किलोभर वजनाचा नर हवा होता. हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. मी तरी त्यांच्या आयुष्यात पिल्लं पाच महिन्यांची झाल्यावर आले.

पाच चौकोनांवर मी अडून बसायला हवं होतं, की वडिलांना स्वतः अनुभव येऊ दिला ते बरं झालं, याचा निकाल मला अजून लावता येत नाही. अडून बसले असते तर कदाचित जाळीचा पिंजराच झाला नसता आणि १२० × ६० वर समेट झाला असता. पण त्याची किंमत दोन जनावरांनी तीन दिवस मोजली, तीही खरी. आज असं घर आलं तर मी चारच बांधा म्हणेन, पण कपाट त्याच दिवशी हलवून घेईन.

पहिल्या संध्याकाळी दोन घरं घाला म्हणून दिलेला सल्ला मात्र निखालस चुकीचा होता. तेव्हा सांगायला हवं होतं ते एवढंच: आहे ते घर बाहेर काढा, त्याऐवजी दोन बाजूंनी उघडा एक पुठ्ठा कमानीसारखा ठेवा, गवत दोन टोकांना टाका, आणि उद्या सकाळी जमिनीवर कुंपण घाला.

आणि डॉक्टर आधी. वजन घटण्याचं कारण या वेळी जागा निघाली. दाताचा आजार निघाला असता आणि आम्ही पिंजरे मोजत बसलो असतो, तर या प्रकरणाचा शेवट वेगळा लिहावा लागला असता.

शेवटचा फोन झाला तेव्हा दोघं तेरा महिन्यांचे होते, एकाच पिंजऱ्यात. तपकिरी १,१२० ग्रॅम, ठिपक्या १,०४०. मधली जाळी पिंजऱ्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. जुन्या पिंजऱ्याचा ट्रे गवत साठवायला वापरतात, आणि मुलीच्या म्हणण्याप्रमाणे तोही लहानच पडतो.